चार नंबर ट्रेंचमधला रिकामा थर

माझ्या विषयाचा माळव्यात मी एकटाच माणूस आहे, त्यामुळे मतभेद होत नाहीत. इराकमध्ये सापडलेल्या, खिळे ठोकल्यासारख्या खुणांनी भरलेल्या मातीच्या पाट्या वाचणं हा तो विषय. त्याला असीरिऑलॉजी म्हणतात. देवासात मी हे नाव उच्चारतो तेव्हा समोरचा माणूस मान हलवतो आणि मुलाबाळांची चौकशी करतो. आमच्या घराण्यात काही पिढ्या संस्थानाच्या दफ्तरात गेल्या, पुढच्या दोन मास्तरकीत, आणि मग मी. माझं लग्न जमवताना वडलांनी मुलीकडच्यांना सांगितलं होतं की मुलगा जुने कागद वाचतो. कागद नाहीत, माती आहे, हे बायकोला लग्नानंतर कळलं. ती अजूनही अधूनमधून तो विषय काढते.

सात वर्षं जर्मनीतल्या एका थंड गावात मी हे शिकलो. परत आल्यावर कळलं की इथे या विषयाची नोकरी नाही. अर्थात हे मला जाण्याआधीही सगळ्यांनी सांगितलं होतं, तेव्हा कळलं असं म्हणणं बरोबर नाही. मग मी अतिथी विद्वान झालो. मध्यप्रदेशात कॉलेजातल्या हंगामी मास्तराला अतिथी विद्वान म्हणतात. उन्हाळ्यात पाहुण्याला निरोप मिळतो आणि पावसाळ्यात त्याने पुन्हा अर्ज करायचा असतो. काही वर्षं उदयनगरच्या जंगलाकडच्या एका कॉलेजात काढली, काही धार जिल्ह्यात मनावर गावाच्या बाजूला, आणि शेवटी कायम झालो तो देवासात, प्राचीन भारतीय इतिहास शिकवायला. बॅबिलोनला अख्ख्या वर्षात एक तास मिळतो. त्यातली दहा मिनिटं हजेरीत जातात.

गेल्या वर्षी पाऊस संपता संपता धारहून सरांचा फोन आला. सर म्हणजे ज्यांनी मला एम.ए.ला उत्खनन शिकवलं ते. वय चौऱ्याऐंशी, आवाज तसाच खणखणीत.

"काय करून राहिला आहेस आजकाल?"

"काही विशेष नाही, सर."

"मग गुरुवारी येत जा. रिपोर्ट छापायला घेऊन राहिलेत एकदाचा. मला आता अक्षर दिसत नाही. तू वह्या वाच, मी सांगतो, तू लिही."

मी "येतो ना, सर" म्हणालो आणि फोन ठेवला. मला जायचं नव्हतं. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

सरांनी तीसेक वर्षांपूर्वी मनावरच्या पलीकडे नदीकाठचं एक टेकाड खणलं होतं. टेकाड म्हणजे जुन्या गावाची ढेकळं होऊन साचलेला ढीग. त्या भागात पुढे धरणाचं पाणी येणार होतं म्हणून घाईने दोन हंगाम काम झालं. आमच्या धंद्यात खणायला दोन हंगाम लागतात आणि रिपोर्ट लिहायला एक आयुष्य. बऱ्याच जणांचं आयुष्य आधी संपतं. सरांचं संपलं नव्हतं, आणि आता सरकारी छपाईत कोणीतरी भला माणूस बसला होता. रिपोर्ट निघणार होता.

या टेकाडाने सरांचं नाव केलं. त्याचं कारण असं, की टेकाडाच्या तळाशी तांब्याच्या काळातलं एक खेडं होतं, लाल मडक्यांवर काळ्या रेघा काढणाऱ्या लोकांचं. वरच्या थरांत लोखंड वापरणारे लोक होते. मधल्या काळात काय झालं, खालचेच लोक वरपर्यंत राहिले की गाव ओस पडून नंतर दुसरे आले, यावर त्या वेळी विद्वान एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सरांच्या चार नंबरच्या ट्रेंचमध्ये, म्हणजे आखून खणलेल्या चौथ्या खड्ड्यात, या दोन वस्त्यांच्या मध्ये चाळीस सेंटिमीटर जाडीचा एक थर निघाला. पिवळा गाळ. त्यात एक खापरी नाही, चिमूटभर राख नाही, कोंबडीचं हाड नाही. म्हणजे माणसं गेली होती आणि टेकाड कितीतरी वर्षं उघडं पडलं होतं. सरांनी हे परिषदेत मांडलं. लोकांनी ते पुस्तकांत घेतलं. आज माळव्याच्या इतिहासाचं कुठलंही बरं पुस्तक उघडा, त्या रिकाम्या थराला दोन ओळी आहेत.

तो थर मी शोधला असं सर नेहमी सांगत. खरं सांगायचं तर तो मी लिहिला.

होळीच्या आधीच्या आठवड्यात त्या भागातल्या आठवडी बाजारांचा भगोरिया होतो. ढोल, बासऱ्या, पानाच्या टपऱ्या, गुलाल, माणसं हाताने फिरवतात ते लाकडी झुले. आमच्याकडे खणायला येणारे सगळे भिल आणि भिलाले. भगोरियाला ते कामावर येत नाहीत, आणि त्यांना 'या' म्हणणाऱ्या माणसाला काही कळत नाही असं ते धरून चालतात. सरांना हे माहीत होतं, पण त्याच आठवड्यात त्यांची दाढ ठणकायला लागली आणि ती काढायला त्यांना इंदूरला जावं लागलं. जाताना मला म्हणाले, "तीन दिवस आहेत. जे मजूर येतील ते घे आणि चार नंबर चाळीस सेंटिमीटर खाली ने. सावकाश. नखाएवढी खापरी सुटता कामा नये."

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि चार नंबरचा मुखत्यार होतो.

पहिल्या दिवशी कोणीच आलं नाही. मी दुपारपर्यंत ट्रेंचमध्ये एकटा बसून राहिलो. दूरवर ढोल वाजत होते. मग मीही गेलो. ताडी प्यायलो, ती मला आवडली. झुल्यात बसलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा हाट होता, तिथे गेलो. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. चौथ्या दिवशी सकाळी मजूर हजर झाले, आणि संध्याकाळी सर येणार होते. माझी पाचावर धारण बसली. मी लहान अवजारं बाजूला ठेवायला सांगितली आणि कुदळी काढल्या. तीन दिवसांचं काम आम्ही सहा तासांत उरकलं. माती टोपल्यांत भरायची आणि सरळ ढिगावर ओतायची, ना चाळणी, ना निवड. टोपल्या नेणाऱ्या बायकांमध्ये एक वयस्क बाई होती. सरांनी स्वतः तिला खापरी ओळखायला शिकवलं होतं आणि ती आमच्यापेक्षा बरी ओळखायची. ती भरलेली टोपली डोक्यावर घेऊन माझ्यापुढे थांबली.

"बाबूजी, इसमें तो ठीकरे भोत हैं. निकालूँ?"

"रहने दो. टाइम नहीं है."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जाऊन टोपली ओतली. पुन्हा तिने विचारलं नाही.

मग मी तंबूत बसून तीन दिवसांच्या नोंदी लिहिल्या. काहीतरी सापडलं असं लिहिलं तर ते पिशवीत भरलेलं दाखवावं लागतं, पिशवीवर चिठ्ठी लागते, चिठ्ठीचा नंबर रजिस्टरात लागतो. माझ्याकडे पिशव्या नव्हत्या. काहीच सापडलं नाही असं लिहिलं की काहीच दाखवावं लागत नाही. त्या थराच्या रिकामेपणाचं एवढंच कारण आहे. ट्रेंचची उभी कड नीट पाहिली असती तर खरं काय ते दिसलं असतं, पण कडेचं चित्रही मीच काढलं, आणि माझा हात चांगला होता. सर आले ते गाल फुगवून, बोलता येत नव्हतं. त्यांनी वही वाचली, ट्रेंचमध्ये डोकावले, आणि खूप वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं दाढ दुखतेय. असा थर कुठेतरी सापडावा म्हणून ते बारा वर्षं वाट पाहत होते, हे मला नंतर समजलं. आठवडाभरात ट्रेंच बुजवली. काही वर्षांनी पाणी आलं आणि टेकाड गेलं.

पुढच्याच हिवाळ्यात त्यांनी निबंध वाचला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सांगणं अवघड होत गेलं. जर्मनीच्या शिष्यवृत्तीसाठी सरांनी माझ्याबद्दल पत्र दिलं, त्यात माझ्या नोंदी किती भरवशाच्या असतात याचा एक परिच्छेद होता. उदाहरण म्हणून कोणता थर दिला असेल ते सांगायला नको.

उत्खनन सोडून पाट्यांकडे का वळलो, असं लोक विचारतात, आणि मी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. खरं उत्तर असं आहे की खणताना तुम्ही वाचलेलं पान वाचता वाचता नष्ट होतं. दुसरा कोणी पुन्हा पाहू शकत नाही. पाटी तशीच राहते. मी चूक वाचलं तर उद्या कोणीतरी येऊन बघेल आणि चारचौघांत माझी खरडपट्टी काढेल. मला ते बरं वाटलं. तिकडच्या माझ्या शिक्षिकाबाई कडक होत्या. पाटीवरची एकेक खूण बघून कागदावर काढायची, जिथे माती झिजली आहे तिथे बारीक तिरप्या रेघा मारायच्या, आणि जे दिसत नाही पण असावं असं वाटतं ते चौकोनी कंसात घालायचं. एकदा मी अर्धी दिसणारी खूण पूर्ण काढली. बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, दाखवा मला. मला दाखवता आली नाही. त्यांनी माझा आठवडाभराचा कागद टोपलीत टाकला.

तिथेच मी एका शिकाऊ लेखनिकाची पाटी वाचली. तो एका जुन्या, फुटक्या पाटीची नक्कल करत होता. जिथे मूळ पाटी फुटली होती तिथे त्याने ओळीतच बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मोडलं आहे." अंदाज केला नव्हता, गाळलंही नव्हतं. पाटीच्या कडेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. मी कोट न घालता बाहेर गेलो आणि बर्फात उभा राहिलो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या पोरापुढे मला लाज वाटली, इतकी की गाल तापले. पण लाज वाटणं आणि सांगणं यांत फरक आहे. मी परत आलो आणि आणखी वीस वर्षं गप्प बसलो.

तर गुरुवार. देवासहून इंदूर, इंदूरला स्टँड बदलून धार. सरांच्या घरात खुर्च्यांपेक्षा तेलाचे पत्र्याचे डबे जास्त आहेत, आणि त्यांत सगळ्या खापऱ्या आहेत. पलंगाखाली डबे, जिन्याखाली डबे, स्वयंपाकघरात डबे. एका डब्यात खरोखरची तूरडाळ आहे. त्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, "डाळ" अशी मोठी चिठ्ठी लावली आहे, कारण एकदा सरांनी त्यावरही ट्रेंचचा नंबर टाकला होता.

मी वही वाचायचो. सर डोळे मिटून ऐकायचे आणि हातात एखादी खापरी फिरवत राहायचे. "थांब," म्हणायचे, "हे चुकलंय. त्या दिवशी पाऊस होता, माप ओल्या दोरीने घेतलं असणार. तळटीप घाल." तीस वर्षांपूर्वीच्या ओल्या दोरीची त्यांना काळजी होती. मी तळटीप घालायचो. एक नंबरची ट्रेंच दिवाळीपर्यंत झाली, दोन नंबर मार्गशीर्षात, तीन नंबर संक्रांतीला.

मधल्या वेळात सातवं प्रकरण चालायचं. सातवं प्रकरण म्हणजे गाव ओस पडल्याचं. सगळा रिपोर्ट त्या प्रकरणासाठी होता म्हटलं तरी चालेल. त्याचे तीन खर्डे होते. तीस वर्षांत सरांनी त्या गावावर आधी पूर आणला होता, मग दुष्काळ, आणि शेवटच्या खर्ड्यात देवीची साथ. प्रत्येक वेळी पुरावा कमी पडायचा आणि सरांना वाईट वाटायचं, पण पुराव्यामुळे नाही.

"बायकामुलं घेऊन गेले असतील कुठे रे?" चहा पिताना ते विचारायचे. "म्हातारी माणसं असतील. त्यांना मागे ठेवलं असेल का?"

"ह्यांना स्वतःच्या मुलाची एवढी चिंता नाही," काकू म्हणायच्या. मुलगा पुण्यात आहे आणि ठीक आहे.

मी चहा संपवायचो.

तीन नंबर संपल्यावर मी दोन गुरुवार गेलो नाही. एकदा ताप सांगितला, एकदा परीक्षेची ड्यूटी. ताप नव्हता. या दोन आठवड्यांत मी एक तोडगा काढला. सरांना दिसत नव्हतं. मी जे वाचीन ते वहीत आहे. तेव्हा मी असं वाचणार होतो की सहाव्या, म्हणजे त्याच रिकाम्या थरात थोड्या खापऱ्या मिळाल्या. फार नाही. थर रिकामा राहणार नाही, सातवं प्रकरण आपोआप ढिलं पडेल, सर त्यात एखादं "कदाचित" घालतील, रिपोर्ट खरा होईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. त्या वेळी मला हा प्रामाणिक मार्ग वाटला. बसमध्ये मी वाक्य पाठ केलं. कंडक्टर म्हणाला, "भिया, थोड़ा आगे सरको, किससे बात कर रिये हो?"

त्या गुरुवारी मी चार नंबरची वही उघडली. माझं एकवीस वर्षांचं अक्षर, टपोरं, आत्मविश्वासाने भरलेलं. मी पाचव्या थरापर्यंत वाचलं. मग म्हणालो, "थर सहा. पिवळसर गाळ, मध्यम घट्ट. थोड्या खापऱ्या, झिजलेल्या."

"नाही," सर म्हणाले.

"सर?"

"असं नाहीये ते. नीट वाच."

मी वहीकडे पाहत राहिलो. त्यांनी खापरी खाली ठेवली, डोळे मिटले आणि पाठ म्हणावा तसं म्हणायला लागले. "थर सहा. पिवळसर गाळ, घट्ट, एकजीव. खापरी नाही, राख नाही, हाड नाही. तिन्ही दिवस हाच थर. थर रिकामा." मग हसले. "अरे, तोंडपाठ आहे मला ते पान. जिथे जिथे व्याख्यान दिलं तिथे असंच्या असं म्हटलंय. एवढी स्वच्छ नोंद मी स्वतः कधी लिहिली नाही."

स्वतःचं खोटं दुसऱ्याच्या तोंडून, तेही इतक्या प्रेमाने, ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सांगून टाकलं. भगोरिया, कुदळी, टोपल्या, ती बाई काय म्हणाली ते, पिशव्या का नव्हत्या ते. सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं होतं जास्त लागतील.

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली.

"कुठला हाट?" त्यांनी विचारलं.

"तीन वेगवेगळे, सर."

"ताडी?"

"हो."

"झुल्यात बसलास?"

"हो, सर."

"किती वेळा?"

"रोज. काही वेळा दोनदा."

त्यांनी मान हलवली, जशी एखादी नोंद बरोबर आहे म्हणून हलवतात तशी. मग म्हणाले, "माझी दाढ काढताना ती तुटली होती. तास लागला. मी तिथे खुर्चीत बसून विचार करत होतो की चार नंबर चांगल्या हातात आहे." थोडं थांबून म्हणाले, "जा आता."

मी वही मिटून टेबलावर ठेवली. जाताना काकू दारात म्हणाल्या, "जेवून नाही जात?" मी नाही म्हणालो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "देवासच्या जत्रेत मी इतकी म्हणाले तरी माझ्याबरोबर कधी झुल्यात बसला नाहीस." मग माझा चेहरा बघून तिने जेवायला वाढलं आणि म्हणाली, "फोन कर त्यांना." मी केला नाही. काय बोलणार होतो? सर चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळे गेलेले, आणि ज्या एका गोष्टीवर त्यांचं नाव टिकून होतं ती मी काढून घेतली होती. आधी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं टेकाड खणलं असतं, दुसरं काही शोधलं असतं. मी त्यांची तीस वर्षं घेतली होती. पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला. मी वर्गात सिंधू संस्कृतीची नगररचना शिकवली, काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तिसऱ्या बुधवारी काकूंचा फोन आला. "अरे, ह्यांनी सातवं प्रकरण फाडून टाकलंय. तिन्ही खर्डे. दिसत नाही तरी बरोबर तेच काढले. रद्दीत टाकू का विचारते तर उत्तर नाही. जेवण धड नाही. तू उद्या ये बरं."

"त्यांनी बोलावलंय का, काकू?"

"मी बोलावतेय ना."

मी गेलो. सर नेहमीच्या जागी बसले होते. समोर चार नंबरची वही उघडी होती, उलटी ठेवलेली. माझी चाहूल लागली तसे ते म्हणाले, "बस." मी बसलो. त्यांनी माझी चौकशी केली नाही आणि रागावलेही नाहीत. त्यांनी एकदम विचारलं, जणू गेले तीन आठवडे हेच चाललं होतं.

"खापऱ्या किती होत्या?"

"टोपली टोपलीत होत्या, सर."

"रंग?"

"लाल. काही करड्या."

"रेघा होत्या का? काळ्या रेघा? आठव. खालच्या लोकांसारख्या होत्या की वरच्या?"

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला होता, आणि त्यावर इतकी आशा होती की मला बघवेना. एक रेघ सांगितली असती तरी पुरलं असतं. खालच्यासारख्या म्हटलं असतं तर त्यांनी नवं प्रकरण लिहिलं असतं, वरच्यासारख्या म्हटलं असतं तर दुसरं. सांगायला मला कोणी अडवलं नसतं.

"माहीत नाही, सर. मी पाहिलंच नाही."

त्यांनी खाली मान घातली. "राख?"

"राख होती."

"हेही न बघता?"

"नाही, हे नक्की. टोपल्या उचलून सगळ्यांचे हात काळे झाले होते. माझेही. तुम्ही येण्याआधी मी नदीवर जाऊन वाळूने हात घासले होते. तरी नखांत राहिली होती."

सरांचे हात मांडीवर होते, बोटं एकमेकांवर घासत होती, जणू त्यांच्याच बोटांना काहीतरी लागलं होतं.

"चुली," ते म्हणाले.

"असाव्यात."

"म्हणजे ते गेले नव्हते."

"नाही, सर."

"मी त्यांच्यावर पूर आणला. दुष्काळ आणला. देवी आणली. तीस वर्षं त्यांना बायकापोरांसकट रानोमाळ फिरवलं," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "आणि त्या बायका तिथेच बसून स्वयंपाक करत होत्या रे."

ते रडले. मीही. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या, मग ट्रे डब्यावर ठेवून आत निघून गेल्या. बऱ्याच वेळाने सरांनी धोतराने डोळे पुसले आणि म्हणाले, "लिही."

मी कागद घेतला.

"थर सहा. या थरात वस्ती होती. राख होती, चुली असाव्यात. खापऱ्या विपुल होत्या. त्या न पाहता आम्ही फेकून दिल्या. या लोकांविषयी आता काही कळण्याचा मार्ग नाही."

"सर, मी फेकल्या. तसं लिहितो."

"मी इंदूरला गेलो होतो ना, भगोरियाच्या आठवड्यात, एका पोरावर ट्रेंच टाकून? आम्ही लिही."

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

"आणि ऐक," ते म्हणाले. "तुला माफ केलेलं नाही."

"हो, सर."

"थर सात घे."